बळी घेणाराच बळी जाऊ नये

आजच्या लेखात क्रिकेटचे आकडे पाहून काहींना वाटेल, की डॉक्टरसाहेब पान चुकले. क्रीडापान शेवटी असते आणि आरोग्याचे सदर इथे. पण पान चुकलेले नाही. आज कमरेविषयी लिहावयाचे आहे, आणि कमरेची गोष्ट सांगायला गोलंदाजाइतका चांगला रुग्ण दुसरा नाही. त्यातच माझी स्वतःची एक चूक सांगावयाची आहे. ती सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

आधी थोडे आकडे पाहू. कसोटी क्रिकेटमध्ये एका वर्षात, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर या काळात, सर्वाधिक बळी कोणी घेतले याची यादी दरवर्षी वर्षअखेरीला छापून येते. या यादीत सर्वांत वर नाव आहे ऑस्ट्रेलियाच्या शेन वॉर्नचे. 2005 साली त्याने 15 कसोटींत 96 बळी घेतले. त्याच्या खाली श्रीलंकेचा मुरलीधरन, 2006 साली 11 कसोटींत 90. तिसरा डेनिस लिली, 1981 साली 13 कसोटींत 85. आपल्याकडचे पाहायचे तर कपिलदेवने 1979 साली 74 आणि 1983 साली 75 बळी घेतले. अनिल कुंबळेने 2004 मध्ये 74, अश्विनने 2016 मध्ये 72, आणि 2024 साली जसप्रीत बुमराहने 13 कसोटींत 71 बळी घेतले. त्या वर्षी जगात त्याच्या जवळपासही कोणी नव्हते. दुसऱ्या क्रमांकावरील इंग्लंडचा अ‍ॅटकिन्सन 52 वर होता.

यादी वाचून आपण वाहवा करतो आणि पान उलटतो. डॉक्टरने मात्र या यादीकडे वेगळ्या नजरेने पाहावे. पहिले दोघे फिरकी गोलंदाज आहेत. चार पावले चालत येऊन चेंडू टाकणारे. धावत येऊन, उडी मारून, सर्व अंग झोकून चेंडू टाकणारा माणूस वर्षाला 70-80 बळी घेतो तेव्हा त्याची किंमत शरीराचा कोणता भाग मोजतो? याचे उत्तर त्या यादीत छापलेले नसते.

357 षटकांचा हिशेब

2024 सालात बुमराहने कसोटीत 357 षटके टाकली. म्हणजे 2,142 चेंडू. वाइड, नोबॉल वेगळे. सरावाची षटके तर कोणी मोजतच नाही. वर्षअखेरीच्या मेलबर्न कसोटीत एकट्याने दोन्ही डावांत मिळून 53 षटकांहून अधिक टाकली. त्यानंतर चारच दिवसांनी सिडनीची कसोटी सुरू झाली. 4 जानेवारी 2025 रोजी, सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, तो मैदान सोडून तपासणीसाठी गेला. पाठ धरली होती. दुसऱ्या डावात त्याने एकही चेंडू टाकला नाही. त्या मालिकेत 32 बळी घेणारा माणूस शेवटच्या दिवशी बसून सामना पाहत होता, आणि आपण सामना हरलो. पुढे फेब्रुवारी-मार्चमधील चॅम्पियन्स करंडकही त्याला खेळता आला नाही.

हे त्याचे पहिले दुखणे नव्हते. 2019 साली त्याच्या कमरेच्या मणक्यात ताणाची चीर निघाली होती. 2022 साली पाठीने पुन्हा दगा दिला आणि टी-20 विश्वचषक हुकला. 2023 च्या मार्चमध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली. एवढे सोसून तो 2024 साली जगात पहिला आला, याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण ज्या मंडळाकडे जगातले उत्तम डॉक्टर, फिजिओ आणि यंत्रे आहेत, त्यांच्या गोलंदाजाची ही गत, तर आमच्या डोंगरकड्याच्या माळावर, मुरमाच्या खेळपट्टीवर, पातळ तळव्याचे बूट घालून चेंडू टाकणाऱ्या पोरांचे काय?

इंजेक्शन मारा साहेब

आता माझी गोष्ट. बुमराहने सिडनीत मैदान सोडले, त्याच आठवड्यात संध्याकाळी सोळा वर्षांचा एक मुलगा दवाखान्यात आला. बरोबर वडील आणि त्याच्या संघातले दोन मित्र. मुलगा उंच, सडपातळ, उजव्या हाताने जोरात चेंडू टाकणारा. पंचक्रोशीतील स्पर्धांत त्याचे नाव होते. कंबर दुखते म्हणाला.

"किती दिवस झाले?"

"तीन आठवडे असतील, सर."

"कुठे पडलास का? काही उचललेस का?"

"नाही सर."

वडील म्हणाले, "साहेब, उद्या फायनल हाय. एक कडक इंजेक्शन मारा. पोरगं दोन वरसापासून या दिवसाची वाट बघायलंय."

बाहेर बाकड्यावर पंधरा-वीस रुग्ण बसलेले होते. मी कंबर दाबून पाहिली. स्नायू घट्ट झाले होते. स्नायूचे दुखणे आहे असे ठरवून मी इंजेक्शन दिले, तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. "जास्त जोर लावू नकोस," असेही म्हणालो. फायनल खेळायला निघालेल्या मुलाला जोर लावू नकोस म्हणणे म्हणजे लग्नाला निघालेल्याला जेवू नकोस म्हणणे. त्याला काही अर्थ नव्हता आणि ते मलाही कळत होते.

तो दुसऱ्या दिवशी खेळला. दोन षटकांत तीन बळी घेतले. संघ जिंकला, गुलाल उधळला, गावातून मिरवणूक निघाली. मिरवणूक माझ्या दवाखान्यासमोरून गेली तेव्हा त्याने मला वरून हात केला. मीही केला. मला बरे वाटले.

संक्रांत होऊन आठवडाही झाला नसेल, वडील त्याला दुचाकीवर मध्ये बसवून घेऊन आले. त्याला अंथरुणातून उठवत नव्हते. या वेळी मी बाकीचे रुग्ण थांबवले आणि पहिल्या दिवशी विचारायला हवे होते ते प्रश्न विचारले. किती चेंडू टाकतोस? कधीपासून? किती दिवस सलग?

हिशेब असा निघाला. दिवाळीपर्यंत तो आठवड्याला फार तर वीस षटके टाकत होता. दिवाळीनंतर कोणीतरी सांगितले, की निवड चाचणी आहे, लेदर बॉलचा सराव कर. तेव्हापासून रोज संध्याकाळी मोठ्या पोरांना दहा-बारा षटके. सुट्टीच्या दिवशी स्पर्धेचे दोन-तीन सामने. शिवाय पहाटे पोलीस भरतीसाठी धावणे. आठवड्याला वीस षटकांची नव्वद षटके झाली होती, आणि मध्ये एक दिवसही विश्रांती नव्हती. हे सर्व मला पहिल्याच दिवशी दोन मिनिटांत कळले असते. मी विचारले नाही.

मी त्याला डाव्या पायावर उभे राहून मागे वाकायला सांगितले. तो ओरडलाच. उजव्या पायावर तेवढे दुखले नाही. नांदेडला एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. वडिलांचा जीव भांड्यात पडला. पण या दुखण्यात सुरुवातीचा एक्स-रे बहुधा स्वच्छच असतो, म्हणून एमआरआय करायला सांगावे लागले. सोयाबीनचे आलेले पैसे त्यात गेले. अहवाल आला: कमरेच्या पाचव्या मणक्याला डाव्या बाजूने ताणाची चीर.

वडिलांनी अहवालाचा कागद हातात धरून एकच विचारले, "मग साहेब, पोरगं भरतीतून गेलं का?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हते.

ही चीर कशी पडते

आपल्या कमरेत पाच मणके असतात. प्रत्येक मणक्याला मागील बाजूस डावीकडे-उजवीकडे हाडाचा एक बारीक पूल असतो. वरच्या आणि खालच्या मणक्याला जोडणारे सांधे या पुलाने सांभाळलेले असतात. पूल बारीक, पण काम मोठे.

जलदगती गोलंदाज चेंडू सोडतो त्या क्षणी पाहा. उजव्या हाताचा असेल तर डावा पाय समोर आपटतो. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि पिळलेली असते. धुतलेले धोतर पिळताना दोघे दोन्हीकडून उलट पीळ देतात, तसा प्रकार कमरेत होतो. पुढचा पाय आपटताना जमिनीकडून येणारा दणका शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही अधिक असतो. पंचावन्न किलोच्या मुलासाठी पाच पट धरले तरी पावणेतीन क्विंटल झाले. पन्नास किलोचे साडेपाच कट्टे! क्षणभरच, पण दर चेंडूला. आणि हा भार वाकलेल्या-पिळलेल्या कमरेच्या त्या बारीक पुलावर येतो. उजव्या हाताच्या गोलंदाजाला ही चीर बहुधा डाव्या बाजूला पडते, ती यामुळेच.

एका दणक्याने हाड मोडत नाही. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच तार त्याच जागी पन्नास वेळा इकडे-तिकडे वाकवली की तुटते. फरक एवढाच, की तार निर्जीव आहे आणि हाड जिवंत आहे. ताण पडला की हाड स्वतःची डागडुजी करते, पूर्वीपेक्षा मजबूत होते. पण त्या डागडुजीला वेळ लागतो. आठवड्याला वीसची पंचवीस, पंचवीसची तीस षटके झाली तर हाड जुळवून घेते. वीसची एकदम नव्वद झाली तर गवंडी येण्याआधीच भिंत पडते.

त्यात वय महत्त्वाचे. मिसरूड फुटले, उंची बापाच्या वर गेली, की आपण पोरगा मोठा झाला म्हणतो. पण कमरेच्या मणक्याचे हाड पुरते भरायला विशी उलटून आणखी काही वर्षे जावी लागतात. चौदा ते बावीस या वयात अंगात जोर मोठ्या माणसाचा येतो आणि हाड मात्र अजून कच्चे असते. दुखणे नेमके याच वयात गाठते.

गोलंदाजी टाकण्याच्या पद्धतीचाही भाग आहे. खांदे एका दिशेला आणि कमरेखालचा भाग दुसऱ्या दिशेला, अशी मिश्र पद्धत कमरेला सर्वांत वाईट. दूरदर्शनवर पाहून पोरे नक्कल करतात, तेव्हा बहुधा हीच पद्धत अंगवळणी पडते.

लिलीची कंबर आणि श्रीरामपूरचा मुलगा

त्या वडिलांना धीर द्यायला मला शेवटी क्रिकेटचीच आठवण कामाला आली. वर ज्या यादीत डेनिस लिलीचे नाव घेतले, 1981 साली 85 बळी, त्या लिलीची कंबर 1973 साली मोडली होती. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर त्याच्या मणक्यात अशाच चिरा निघाल्या. त्याला सहा आठवडे कंबरेभोवती प्लास्टर घातले होते. पुष्कळांनी त्याचे क्रिकेट संपले असे धरले होते. त्याने घाई केली नाही. व्यायाम करून पाठ-पोट बळकट केले, टाकण्याची पद्धत सुधारली, आणि 1974 च्या अखेरीस इंग्लंडविरुद्ध परत आला. चीर पडल्यानंतर आठ वर्षांनी त्याने एका वर्षात 85 बळी घेतले.

पुढे हाच लिली 1987 पासून मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, एमआरएफच्या संस्थेत आपल्या मुलांना गोलंदाजी शिकवू लागला. तिथे शिकून गेलेल्यांपैकी एक आपल्या महाराष्ट्राचा, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील श्रीरामपूरचा झहीर खान. 1978 चा जन्म. साखर कारखान्यांच्या पट्ट्यातला मुलगा मुंबईला जातो, तेथून चेन्नईला जातो आणि 2000 साली भारतासाठी कसोटी खेळतो. 92 कसोटींत 311 बळी.

झहीरलाही दुखापतींनी पुष्कळ छळले. 2011 च्या जुलैमध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी मांडीमागचा स्नायू धरला आणि तो सबंध मालिकेतून गेला. पण त्याची शिकण्यासारखी गोष्ट त्याआधीची आहे. 2006 साली संघाबाहेर असताना तो इंग्लंडला वूस्टरशायरकडून खेळायला गेला. त्या एका मोसमात त्याने 78 बळी घेतले. धाव आखूड केली आणि अंगच्या जोरापेक्षा चेंडूच्या हालचालीवर भर दिला. 2007 साली नॉटिंगहॅमला नऊ बळी घेऊन त्याने सामना जिंकून दिला तो याच बळावर. जोर कमी करून बळी वाढवता येतात, हे आमच्या पोरांना पटत नाही. त्यांना वाटते जोरात टाकले म्हणजेच गोलंदाजी.

जोराशिवाय गोलंदाजी कशी असते हे पाहायचे तर नाशिकचे बापू नाडकर्णी आठवावेत. 1964 च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी ओळीने 21 निर्धाव षटके टाकली. डावाअखेर 32 षटके, 27 निर्धाव, 5 धावा. बळी एकही नाही, पण फलंदाजांना जागचे हलू दिले नाही.

आणि कपिलदेव? 131 कसोटी खेळलेला हा माणूस दुखापतीमुळे एकाही कसोटीला मुकला नाही. कमरेची ठेवण, सहज पद्धत आणि लहानपणापासून हळूहळू वाढलेला सराव, या तिन्हींचे ते फळ. तरीही 75 बळींच्या 1983 नंतर, 1984 साली त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालीच. फिरकी गोलंदाजही सुटत नाहीत. वॉर्नच्या बोटावर 1996 साली आणि खांद्यावर 1998 साली शस्त्रक्रिया झाली. ज्याचे त्याचे हत्यार निराळे, त्यामुळे झीजही निराळ्या जागी.

किती षटके टाकावीत

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने मुलांसाठी अनेक वर्षे जे प्रमाण सांगितले, ते कापून ठेवण्यासारखे आहे. तेरा वर्षांपर्यंतच्या जलदगती गोलंदाजाने सलग पाच षटकांहून अधिक टाकू नये, दिवसभरात दहांहून अधिक नाही. चौदा-पंधराव्या वर्षी सलग सहा, दिवसात बारा. सोळा ते एकोणीस या वयात सलग सात, दिवसात अठरा. सात दिवसांत चार दिवसांहून अधिक गोलंदाजी नको आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नको. सरावाची षटकेही मोजायला विसरू नये.

"आमच्या सामन्यात तर एकाला दोनच षटके असतात," असे आयोजक म्हणतील. खरे आहे. पण एकाच दिवशी तीन सामने, दोन गावांकडून दोन नावांनी खेळणे, आणि संध्याकाळचा सराव, हे मोजले म्हणजे दोनचे पंधरा कसे होतात ते कळेल. आयोजकांना माझी विनंती आहे, की पाहुण्यांच्या सत्काराला जेवढा वेळ देता, तेवढाच एकदा कर्णधारांना बोलावून गोलंदाजांची षटके विचारायला द्या.

प्रत्येक गोलंदाजाने एक साधी वही करावी. दोन रुपयांचा कागद चालेल. तारीख, किती षटके, कंबर दुखली का. गेल्या महिन्याची सरासरी काढावी आणि या आठवड्याचा आकडा तिच्याहून फार वर जाऊ देऊ नये. परीक्षेमुळे महिनाभर खेळ बंद असेल तर पहिल्या दिवशी पूर्वीएवढी षटके टाकू नयेत, निम्म्यापासून सुरुवात करावी. 2025 साली इंग्लंडच्या दौऱ्यावर बुमराह पाचांपैकी तीनच कसोटी खेळला, आणि ते आधीच ठरवले होते. तेव्हा बऱ्याच लोकांनी नावे ठेवली. मला मात्र तो निर्णय शहाणपणाचा वाटला.

केव्हा सावध व्हावे

कोणतीही कंबरदुखी म्हणजे मणक्याची चीर, असे समजून घाबरू नका. दहातल्या बहुतेकांची कंबर स्नायू आणि शिरांच्या ताणाने दुखते आणि काही आठवड्यांत आपोआप बरी होते. प्रत्येकाला एमआरआय लागत नाही. पण पुढील गोष्टी दिसल्या तर वेळ घालवू नये.

वाढत्या वयातील गोलंदाजाची कंबर एका बाजूला दुखते, चेंडू टाकताना वाढते, विश्रांतीने कमी होते आणि खेळायला लागले की परत येते. एका पायावर उभे राहून मागे वाकल्यावर कळ येते. हे दोन-तीन आठवडे चालले तर चेंडू टाकणे त्याच दिवशी थांबवावे आणि डॉक्टरला दाखवावे. डॉक्टरने षटके विचारली नाहीत तर आपण होऊन सांगावीत. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

खेळणारा असो की नसो, कमरेबरोबर पायात बधिरपणा किंवा कमजोरी आली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, ही मणक्याच्या क्षयाचीही लक्षणे असू शकतात. आपल्या भागात तो अजून गेलेला नाही. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि पूर्ण घेतले तर आजार बरा होतो.

काय करावे, काय करू नये

चीर निघाली तर पहिले औषध विश्रांती. अंथरुणावर पडून राहण्याची नव्हे, गोलंदाजीपासून विश्रांती. साधारण तीन ते सहा महिने, कधी अधिक. सर्वच चिरा हाडाने पूर्ण सांधतात असे नाही, पण वेळेवर थांबले तर बहुतेक मुले खेळात परत येतात.

दुखणे दाबून खेळण्यासाठी इंजेक्शन घेऊ नये, आणि डॉक्टरांनी देऊ नये. वेदना हा मणक्याने वाजवलेला भोंगा आहे. इंजेक्शनने भोंगा बंद होतो, आग विझत नाही. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर परिणाम होतो, ते वेगळेच.

कंबर पायाने तुडवून घेणे, झटका देऊन "मणका बसवणे" हे प्रकार अशा चिरेत घातक आहेत. पट्ट्याने थोडा आधार वाटतो, पण पट्टा हाड सांधत नाही. कोणी भुजंगासन करायला सांगेल. एरवी ते आसन चांगले, पण या दुखण्यात मागे वाकणेच वर्ज्य. त्याऐवजी दुखणे कमी झाल्यावर डॉक्टरांच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने पोट-पाठ बळकट करणारे व्यायाम करावेत: कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ तोलून धरणे, उताणे झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे, कुशीवर झोपून कोपरावर शरीर तोलणे. रोज पंधरा मिनिटे पुरेत.

आहारात दूध, दही, तीळ, शेवग्याचा पाला, हरभरा, डाळ-भाकरी असावी. अंगावर ऊन घ्यावे. आठ-नऊ तासांची झोप घ्यावी, कारण हाडाची डागडुजी विश्रांतीतच होते. रात्री बारापर्यंत मोबाईल आणि पहाटे पाचला धावणे, हे हाडाला परवडत नाही. टणक जमिनीवर अनवाणी किंवा झिजलेल्या बुटाने चेंडू टाकू नयेत. मुलीही आता जोराने चेंडू टाकू लागल्या आहेत. आनंदाची गोष्ट आहे. त्यांनाही हे सर्व नियम तसेच लागू, आणि त्यांच्या जेवणाकडे तर घरच्यांनी जास्त लक्ष द्यावे.

ज्यांनी चेंडू हातात धरला नाही त्यांच्यासाठी

माझे निम्म्याहून अधिक वाचक गोलंदाज नाहीत. पण हळद काढणीच्या दिवसांत माझ्या दवाखान्यात कंबर धरून येणाऱ्यांची रांग पाहिली म्हणजे बुमराहचीच आठवण होते. दोन महिने हाताला फारसे काम नसते. मग एकदम काढणी, वेचणी, शिजवणे, वाळवणे, कट्टे उचलणे, सूर्योदय ते दिवेलागण. ऊसतोडीचे तेच. वीसची नव्वद षटके! हाडाला आणि स्नायूला क्रिकेट कळत नाही, शेतीही कळत नाही. त्यांना फक्त एवढेच कळते, की काल किती होते आणि आज किती आले.

हंगामाआधी पंधरा दिवस रोज थोडे वाकण्या-उचलण्याचे काम करावे. कट्टा उचलताना गुडघ्यात वाकावे, कट्टा अंगाजवळ धरावा, उचलताना कमरेत पिळू नये. वळायचे तर पाय वळवावेत. दोघांनी मिळून उचलण्यात कमीपणा नाही. तासाभराने पाच मिनिटे पाठ सरळ करावी. मजुरी लावणाऱ्यांनी ती पाच मिनिटे कापू नयेत.

शेवटी त्या मुलाविषयी

त्याने चार महिने चेंडूला हात लावला नाही. पहिले दोन महिने मैदानाकडे फिरकलाही नाही; मित्र बोलवायला आले तर घरात जाऊन बसे. त्याची आई एकदा दवाखान्यात येऊन म्हणाली, "पोरगं बोलतच नाही हो साहेब." मी त्याला बोलावून लिलीची आणि श्रीरामपूरच्या झहीरची गोष्ट सांगितली. आणि आणखी एक सांगितले, की पहिल्या दिवशी चूक माझी झाली. इंजेक्शन मी द्यायला नको होते. तो बराच वेळ खाली पाहत होता. मग म्हणाला, "मीच मागितलं होतं, सर."

मागणारा सोळा वर्षांचा होता. देणाऱ्याची पन्नाशी उलटलेली होती. हा फरक त्याने माफ केला, मी करू शकत नाही. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी आहे: "किती षटके?"

पाचव्या महिन्यात तो धावू लागला. सहाव्यात दोन षटके टाकली, चालत येऊन. मग एक दिवसाआड तीन, चार. आता सहा टाकतो. धाव आखूड केली आहे आणि कंबर पूर्वीएवढी पिळत नाही. वेग थोडा कमी झाला, चेंडू मात्र आता दोन्हीकडे वळतो असे त्याचे मित्र सांगतात. भरतीसाठी पुन्हा धावतो आहे. ती मिळेल की नाही हे मी सांगू शकत नाही. पण वडिलांच्या त्या दिवशीच्या प्रश्नाला आता एवढे उत्तर देता येते, की पोरगं कमरेमुळे भरतीतून गेलेले नाही.

गेल्या महिन्यात तो मला वही दाखवायला आला होता. तारखा, षटके, शेवटच्या रकान्यात "दुखले नाही". बळींचा रकानाच नव्हता. विचारले तर म्हणाला, "ते लोक मोजतात की, सर."